सहा घरांची एकच टाकी

पोलिसात चौतीस वर्षं काढली, खून पाहिले, दंगली पाहिल्या. पण कोणी भीतीबद्दल विचारलं की मला आठवतात ती नाशिकमधली सहा रो-हाऊसेस आणि तिथे प्यायलेला एक कप चहा. माणसं अजून हयात आहेत, म्हणून नावं कोणाचीच लिहीत नाही.

मी तेव्हा पंचवटीकडच्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि खरं सांगायचं तर मी थोडा सैल झालो होतो. एका मंगळवारी सकाळी पेठच्या एसटीने आलेली एक बाई ठाणे अंमलदारासमोर उभी राहिली. नवरा नाशकात ओझी उचलायच्या कामाला होता, रोज संध्याकाळी फोन करायचा. आदल्या दिवशी फोन आला नव्हता आणि लावला तर बंद लागत होता.

"कामावर काय करत होता?" मी विचारलं.

"गरम पान्याची टाकी हाय म्हनला. ह्या गच्चीवरून त्या गच्चीवर न्यायची. टाकी येकच, घरं लय. मी हसले त्याला, असं कुठं काम असतं का म्हनून."

मीही मनात हसलो. मिसिंगची नोंद घेतली, वर्णन वायरलेसवर दिलं. एका दिवसात माणूस हरवत नाही, पिऊन कुठेतरी पडला असेल, असं मला वाटलं. ते मी तिला बोललो नाही एवढंच.

दुपारी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. दबक्या आवाजात तिने एका कॉलनीचं नाव सांगितलं. "सहा घरांची ओळ आहे. तिथे माणूस पडलाय वरून. माझं नाव विचारू नका." फोन ठेवला गेला.

मी महिला हवालदाराला घेऊन निघालो. ओळ अगदी नीटनेटकी होती. प्रत्येक दारात तुळस, फाटकाला ताजा रंग. तिसऱ्या घरात एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. कॉलनीत शब्द त्यांचाच चालायचा. त्यांनी हात धरून आत नेलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि कौतुकाने सांगू लागले, "आमची आदर्श ओळ आहे साहेब. सहाच्या सहा घरांवर सौर वॉटर हीटर. महापालिका घरपट्टीत सूट देते, कालच सगळं काम उरकलं. विजेची बचत, पर्यावरणाची सेवा."

"कोणी पडलं का हो इथे?"

"छे छे. साखर कमी घेता का?"

गच्ची पाहू म्हटलं तर किल्ली मुलाकडे होती आणि मुलगा सिन्नरला. मी आग्रह धरला नाही. समोर पांढऱ्या केसांचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले शिक्षक बसले होते. चहा आल्याचा होता, चांगला होता. उरलेल्या पाचही घरी जाऊन आलो. सगळीकडे तेच उत्तर आणि पुन्हा चहाचा आग्रह. खोडसाळ फोन असेल असं ठरवून मी परत आलो.

बुधवारी सकाळी हजेरी संपल्यावर हवालदार बाई माझ्या टेबलाशी घुटमळल्या. "साहेब, एक बोलू? काल आपण सहा घरी गेलो. पोलीस दारात आले की माणूस आधी विचारतो, काय झालं? सहापैकी एकानेही विचारलं नाही."

इतक्या वर्षांत मी नव्या पोरांना हेच शिकवत आलो होतो. जोडीला पेठच्या बाईचे शब्द आठवले, टाकी येकच, घरं लय. बाई अजून ठाण्याच्या बाकावरच बसून होती.

महापालिकेच्या विभागीय कार्यालयात गेलो. घरपट्टीच्या सवलतीचे अर्ज मंगळवारी सकाळीच दाखल झाले होते. अर्ज पाचच होते. सहाव्या घराचा नव्हता. प्रत्येक अर्जाला फोटो होता, घरमालक आपल्या गच्चीवर हीटरच्या शेजारी हसत उभा. मी पाचही फोटो ओळीने मांडले आणि पाहतच राहिलो. पाचही टाक्यांवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. त्याच जागी, तसंच थोडं तिरकं, आणि उजव्या टोकाला कुंकू ओघळलेलं.

नवी वस्तू घरात आली की आपल्या बायका तिला हळदकुंकू लावतात. पण पाच घरच्या पाच बायकांच्या हातून कुंकू एकाच जागी कसं ओघळेल?

पाचव्या फोटोत टाकीच्या कडेला चार बोटं दिसत होती. टाकी स्टँडवर पक्की केलेली नव्हती, मागून कोणीतरी ती धरून उभं होतं. त्या बोटांकडे पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

पहिल्या घराचं दार मालकिणीने उघडलं. फोटो पाहताच ती दारातच खाली बसली. "हे स्वस्तिक माझ्याच हातचं आहे. टाकी आमचीच आहे, आमची एकट्यांची खरी. ठेकेदार म्हणाला, दोन तास द्या, बाकीच्यांचे फोटो काढून घेतो, त्यांची नंतर बसवू." पाच गच्च्या झाल्या. पाचव्या आणि सहाव्या घरांच्या मध्ये पाइपांसाठी सोडलेला उघडा डक्ट होता, त्यावर फळी टाकली होती. ठेकेदार एका टोकाला, मजूर दुसऱ्या. मजूर टाकीसकट खाली गेला. "दवाखान्यात नेतो म्हणून टेम्पोत घातलं त्याला. मग सगळे बसले आणि ठरलं, कोणी काही पाहिलं नाही. आमच्या ह्यांनीही मान डोलावली. मी तेवढा फोन केला साहेब. मला फार भीती वाटत होती."

शहरातल्या एकाही मोठ्या दवाखान्यात असा जखमी दाखल नव्हता. दवाखान्यात गेलं की पोलिसांना कळवलं जातं, हे ठेकेदाराला पक्कं ठाऊक होतं.

त्याला ठाण्यात आणलं तेव्हा तो शांत होता. "गावी गेला तो. त्या लोकांचं असंच असतं साहेब, न सांगता जातात."

मी आवाज चढवला नाही. पाचवा फोटो त्याच्यापुढे सरकवला आणि बोटांवर पेन्सिल टेकवली. "हा माणूस जिवंत सापडला तर तुझ्यावर एक कलम लागेल. मेलेला सापडला तर दुसरं. कुठलं ते आता तूच ठरवायचं आहेस. मी घड्याळ बघतोय."

तो माझ्या घड्याळाकडे बघत राहिला. मग ओठ हलले. म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रस्त्याला, त्याचं गोदाम.

तो रस्ता माझ्या पायाखालचा, पण त्या दिवशी संपता संपेना. आत काय दिसेल याचीच धास्ती होती. शटर वर केलं तेव्हा आधी वास आला आणि मी मनात म्हटलं, संपलं.

पॅकिंगच्या पुठ्ठ्यांवर तो पडला होता. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं, त्यावर माश्या. शेजारी पाण्याची रिकामी बाटली. मी वाकलो. त्याने डोळे उघडले, माझी वर्दी पाहिली आणि दोन्ही हात जोडायला लागला.

"साहेब, टाकीचं माझ्यावर नका घालू. मी नाय सोडली. ठेकेदारांनी सोडली त्यांच्या बाजूनं. मी शेवटपतूर धरली व्हती."

दोन दिवस तो मरणाला भीत नव्हता. टाकी पाडल्याचा आळ आपल्यावर येईल, याला भीत होता.

जिल्हा रुग्णालयात तो वाचला. पाय मात्र गुडघ्याखालून काढावा लागला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बाहेर आले, हात पुसत सहज म्हणाले, "काल दुपारपर्यंत आणला असता, तर पाय राहिला असता."

काल दुपारी मी चहा पीत होतो.

त्याची बायको रुग्णालयातल्या बाकावर बसली होती. मी तिला पायाचं सांगितलं. तिने एकच विचारलं, "जिता हाय ना?" मी हो म्हणालो. ती माझ्या पाया पडायला वाकली आणि मी मागे सरलो. त्या क्षणी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी पुन्हा कधी वाटली नाही.

ठेकेदाराला अटक झाली, खटला उभा राहिला. खोट्या अर्जांबद्दल आणि माहिती दडवल्याबद्दल घरमालकांनाही नोटिसा गेल्या. मुख्याध्यापक जबाबाला आले तेव्हा वाळून गेले होते. "घरपट्टीच्या सवलतीसाठी नाही हो साहेब," ते म्हणाले, "ती किती असते! नाव जाईल म्हणून गप्प बसलो. शाळेत मुलांना काय काय सांगितलं होतं मी." मी त्यांचा जबाब शब्दशः उतरवून घेतला. त्यांना रागवायचा अधिकार मला उरला नव्हता. त्यांच्या शर्टाची इस्त्री बघून गच्चीच्या किल्लीचा आग्रह न धरणारा मीच होतो.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की वाईट माणसाच्या भीतीपेक्षा चांगल्या माणसांच्या मनातली भीती जास्त घातक असते. ती चांगल्या कपात, बशीसकट समोर येते आणि आपण ती घेतो.

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. कोणाच्या घरी गेलो आणि यजमानाने लगबगीने चहा टाकायला सांगितलं, की मी आधी विचारतो, "घरात सगळे बरे आहेत ना?" लोकांना वाटतं म्हातारा प्रेमळ आहे. उत्तर येईपर्यंत मी कपाला हात लावत नाही.