कोपरा फाटलेला कागद

आंतरराष्ट्रीय कायद्यात पुढं शिकायचं मी ठरवलं, तेव्हा मी समुद्रसुद्धा पाहिलेला नव्हता. आमच्या एकोडीत पाणी म्हणजे तलाव आणि कायदा म्हणजे साकोलीचं तहसील. पण नागपूरला लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्षी समुद्राच्या कायद्यावरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं आणि मी त्यात बुडून गेले. देशाची हद्द किनाऱ्यापासून कुठवर, मासे कोणाचे, तळाशी सापडेल ते कोणाचं, यावर जगभरचे वकील भांडत होते आणि मला त्यांच्यात जाऊन भांडायचं होतं. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. भांडायला मी लहानपणापासून तयारच होते.

घरी हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. काका म्हणाले, "समुद्राले शेतासारखे धुरे असतेत का? मंग कोनाचा धुरा कोनं कोरला म्हनून भांडतेत हे?" मी अर्धा तास बोलले. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "ठीक हाये. पन आपला मोजणीचा अर्ज तू कधी लिहून देतं?" बाबा नुसते ऐकत बसायचे. त्यांना त्यातलं किती कळायचं, देव जाणे.

दिल्लीच्या एका संस्थेत या विषयाचा अभ्यासक्रम होता. जागा थोड्या, निवड मुलाखतीवर. उन्हाळ्यात घरी आले असताना मी अर्जाचं पाकीट तयार केलं, तर मायनं त्याच्या चारही कोपऱ्यांना कुंकू लावून ठेवलेलं. "हे काय लग्नाची पत्रिका हाये का, माय?" मी ओरडले आणि पाकीट बदललं. माय-बाबा दोघांनाही अक्षरओळख नव्हती. आमच्याकडे टपाल वाचलं जायचं ते कोपऱ्यावरून. हळद-कुंकू असलं तर शुभकार्य. कोपरा फाडलेला असला तर कुणीतरी गेलं. असा कागद उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही, बाहेरच कुणाकडून वाचून घ्यायचा, फाडून टाकायचा आणि आंघोळ करायची. मला या सगळ्याची भयंकर चीड यायची.

अर्जावर पत्ता मी घरचा दिला. हॉस्टेलची खोली कधी सोडावी लागेल याचा भरवसा नव्हता, म्हणून. ही हुशारी माझीच. "दिल्लीचा कागद आला की त्याच दिवशी नागपूरले पाठवा," असं चारदा बजावलं आणि तयारीसाठी परत गेले.

भाताचा रोवणा ऐन भरात असताना एका दुपारी हॉस्टेलच्या फाटकावर बाबा उभे दिसले. धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल आणि हात रिकामे. एरवी नागपूरला यायचे तर पोह्यांची पिशवी तरी असायची.

"बाबा, तुमी? रोवणा सोडून काहून आले?"

"असाच. बरी हायेस ना?"

"बरी हावो. मले काय झालं?"

"काई नाई. पाहाले आलतो." आणि खरोखरच, पाहून झाल्यावर ते निघाले. मी कपाळावर हात मारून घेतला. भाड्याचे पैसे घालवून, शेतावर बाया लावलेल्या सोडून, दोन वाक्यं बोलायला एवढ्या लांब येतं का कुणी?

दिल्लीहून काहीच येईना. शेवटी मीच पत्र टाकलं. उत्तर हॉस्टेलवर आलं, अगदी सभ्य इंग्रजीत. मुलाखती आटोपल्या होत्या. तुमचं बोलावणं घरच्या पत्त्यावर वेळेत पाठवलं होतं, पुढच्या वर्षी अवश्य अर्ज करा. मी मुलाखतीची तारीख पाहिली आणि बोटांवर दिवस मोजले. बाबा फाटकावर आले त्यानंतर आठव्या दिवशी ती होती.

घरी पोचले ती तणतणतच. "कागद आलता का नाई?"

माय चुलीपुढून उठली. आला होता. पोस्टमन उंबऱ्याबाहेरच उभा राहिला होता. इंग्रजी पाकीट, कोपरा फाटलेला, आणि वर पोरीचं नाव हाये म्हणाला. पोत्यात फाटला असेल, उंदरानं कुरतडला असेल, काहीही असेल. मायनं तो फोडलाच नाही. तशीच तलावावर गेली, पाण्यात सोडला आणि डुबकी मारून आली.

माझं डोकंच फिरलं. "वाचून तं घ्यायचा! गावात मास्तर हाये, पोस्टमनले वाचता येते! दिल्लीचा हाये हे कोनीबी सांगतलं असतं! माह्या साऱ्या जल्माचं वाटोळं केलं तुमी!" बाबा दाराशी बसून दोरी वळत होते.

"दिल्लीचा असन असं कसं वाटन?" माय म्हणाली. "चांगल्या बातमीचा कोपरा असा असते का? तुह्या नावाचा कागद, अन् तू तिकडं एकटी. कोनाले वाचाले देऊ? वाचला नाई तवरोक तू होतीस ना." मग बाबांकडे हनुवटीनं दाखवत म्हणाली, "हे हातातली रोपाची पेंडी शेतात बांदीतच टाकून मोटारीवर गेले. तुले पाहून आले, तवा घरात चूल पेटली."

पुढच्या वर्षी मी अर्ज केला नाही. राग होता म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आले. भंडाऱ्याच्या कोर्टात आयुष्य गेलं, धुऱ्यांच्याच भांडणात.

पण त्या दिवशी फाटकावर आणखी एक गोष्ट झाली होती. निघण्याआधी बाबांनी गजांमधून हात घालून माझं मनगट धरलं होतं, घट्ट, आणि सोडतच नव्हते. मी म्हणाले होते, "बाबा, लायब्ररी बंद होते," आणि हात ओढून घेतला होता.