दोन चमचे पेज

"आडनाव काय गं तुझं?" आजींच्या सुनेने विचारलं. मी सांगितलं. "मग हिच्या हातचं नको," ती म्हणाली. माझ्याशी नाही, सासूशी.

आजींनी तोवर दोन चमचे पेज घेतली होती. तिसरा चमचा मी ओठांपाशी नेला आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. सुनेने तांब्या पुढे केला, सासूला चूळ भरायला लावली. एकदा नाही, तीनदा. ट्रे कोणी धरला? मीच. ते पाणी माझ्या हातातल्या ट्रेमध्ये पडत होतं आणि आजी माझ्याकडे बघत नव्हत्या.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचं साल असेल. मुलुंडच्या एका इस्पितळात मी नर्सिंग शिकत होते. आजी बोरीवलीच्या. न्हाणीघरात पडून उजवा हात आणि मांडीचं हाड मोडलेलं. आठ दिवस त्यांचं सगळं मीच केलं. अंग पुसलं, पाठीला पावडर लावली, वेणी घातली. डबा आणून भरवायची ती सून. त्या दिवशी तिला उशीर झाला, म्हणून सिस्टरनी मला भरवायला सांगितलं. "तुझा हात हलका आहे गं पोरी," आजी म्हणायच्या. मी माझी आजी कधी पाहिलीच नव्हती. जीव लावून बसले. वेडीच मी.

तासाभराने सून दारात आली. "नर्स, यांना लघवीचं भांडं दे."

दिलं. ते चाललं त्यांना.

भांडं धुताना मी रडले. गावी लोक आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. ती ते हसत सांगायची आणि मला तिच्या हसण्याचा राग यायचा. त्या दिवशी कळलं, हसली नसती तर ती जगलीच नसती. पण मला हसायचं नव्हतं.

आम्हा विद्यार्थिनींची एक वही असायची. शिकलेलं प्रत्येक काम पेशंटवर करून दाखवायचं, सिस्टरनी त्यापुढे सही करायची. सह्या पुऱ्या झाल्याशिवाय परीक्षा नाही. परीक्षेशिवाय नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव नाही. आणि नाव नाही तर नर्स नाही. या वॉर्डातला माझा तो शेवटचा दिवस होता आणि 'रुग्णाला भरवणे' एवढं एकच राहिलं होतं. तिकडे घाटकोपरला आईने सगळ्या चाळीला सांगून ठेवलेलं, आमची पोर सिस्टर होणार. वडील साकीनाक्याच्या कारखान्यात प्रत्येकाला तेच सांगायचे.

वॉर्डच्या सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मला टेबलापाशी बोलावलं. "आण वही. दोन चमचे भरवलेस ना? झालं. मी सही करते. एवढं मनाला लावून नाही घ्यायचं गं."

त्यांनी पेन उघडलं. सुनेचं बोलणं मी सोसलं होतं, हे सोसवेना. मी वही ओढून घेतली.

"ते दोन चमचे तुमच्यासमोर धुऊन काढले, सिस्टर."

"मग काय लिहू?"

"झालं ते लिहा."

"असं कोणी लिहितं का? परीक्षा जाईल तुझी."

"जाऊ दे."

आईचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. सिस्टरनी पेन बंद केलं. मग मीच लिहिलं, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्यादेखत: रुग्णाने दोन चमचे पेज घेतली. नर्सची जात कळल्यावर नातेवाइकांनी चूळ भरायला लावली. तोंड धुतलं. पुढे खाल्लं नाही. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

उद्या ही वही नर्सिंगच्या शाळेत ट्यूटरबाईंच्या पुढ्यात ठेवायची, हे तिथेच ठरवलं. त्या पान फाडतील तर पुन्हा लिहीन. परीक्षा एकदा जाईल, दोनदा जाईल. पण रजिस्टरमध्ये नाव चढेल ते याच आडनावाने चढेल, आणि माझ्यावर दया म्हणून केलेली एकही सही त्याच्यामागे नसेल.