पाय घ्या, अण्णा

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. विश्वास वगैरे कधीच नव्हता. गेली बावीस वर्षं सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. स्लाइडवर दिसतं ते रिपोर्टात लिहायचं, दिसत नाही ते लिहायचं नाही, एवढंच मला येतं. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली. आणि दुसरंही कारण आहे... यात चमत्कारापेक्षा माझी चूक मोठी आहे. ती घरात अजून कुणाला पूर्ण माहीत नाही. माझे मिस्टर हे वाचतील तेव्हा त्यांना कळेल.

आमचं घर विश्रामबागला, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, हॉल, किचन. मी आणि मिस्टर; मुलगी हॉस्टेलवर, सुट्टीत येणारी. मुख्य दार आत उघडतं आणि पूर्ण उघडलं की हॉलच्या भिंतीला टेकतं. त्या दारामागच्या कोपऱ्यात माझ्या सासऱ्यांची, अण्णांची, घडीची लोखंडी खुर्ची असायची. अण्णा मूळचे कडेगावचे, आर्मीतून रिटायर झालेले, वय ऐंशीच्या पुढे. काचबिंदूने नजर जवळजवळ गेली होती. उजेड-अंधार कळायचा, माणूस ओळखू यायचा नाही. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच होते. दिवसभर त्या खुर्चीत पाय लांब करून बसायचे, दुपारची डुलकीही तिथेच काढायचे, त्यामुळे दार अर्ध्याहून थोडं जास्त उघडलं की त्यांच्या पायाच्या अंगठ्याला टेकायचं. मग आतून पहाऱ्यावरच्या शिपायाचा आवाज —

"थम! कौन आता है?"

"दोस्त! पाय घ्या, अण्णा."

"घेतला, घेतला."

पाय आखडला की दार सुटायचं. दिवसातून आठ-दहा वेळा हेच. पहिलं वर्षभर मजा वाटली. नंतर दोन्ही हातांत पिशव्या असताना वैताग यायला लागला. "अण्णा, खिडकीशी बसा की, वारं येतं तिथे," असं कितीदा सांगितलं. उत्तर ठरलेलं — "हितंच बरं हाय."

आता दिवाळीकडे येते. दिवाळी जवळ आली की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. लॅबमध्ये नेमकी तेव्हाच तापाच्या पेशंटांची झुंबड. घरी आलं की माळे काढा, डबे घासा, भाजणी दळून आणा, कडबोळी, चकल्या, दोन प्रकारचे लाडू, वर अण्णांचं पथ्य. त्या वर्षी लॅबमधल्या एका मैत्रिणीने मला एका ऑनलाइन क्लासमध्ये घातलं. फेंगशुईने सणाचा ताण कसा कमी करायचा, घर आणि सण दोन्ही सुटसुटीत कसे करायचे, असा पंधरा दिवसांचा क्लास. खोटं कशाला बोलू, मला तो आवडला. मॅडम साध्या होत्या. फराळाचे पाच पदार्थ नकोत, दोन करा, बाकी विकत आणा, त्यात कमीपणा नाही. लाइटच्या तीन माळांऐवजी एक लावा. जे वर्षभर वापरलं नाही ते देऊन टाका. उत्तरेच्या कोपऱ्यात पाण्याचं भांडं ठेवा आणि दहा मिनिटं तिथे गप्प बसा. लग्न झाल्यापासून दिवाळीआधी मी दहा मिनिटं गप्प बसले नव्हते!

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुख्य दार. घराचं तोंड ते, मॅडम म्हणाल्या. ते भिंतीपर्यंत उघडलंच पाहिजे, मागे काही म्हणजे काही नको. घास घशात अडकावा तशी ऊर्जा तिथे अडकते.

गृहपाठाला वहीत तीन रकाने करायचे होते — ठेवायचं, द्यायचं, हलवायचं. हलवायच्या रकान्यात मी लिहिलं: चपलांचं कपाट, जुना टीव्ही, खुर्ची. आणि खुर्चीच्या खाली... अण्णा.

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मॅडम वस्तूंबद्दल बोलत होत्या, माणूस माझा मी घातला.

मग दोनदा खोटं बोलले. मिस्टरांना सांगितलं, "अण्णांना गावाची आठवण येतेय, बोलून दाखवत नाहीत." अण्णांना सांगितलं, "हे म्हणतात, थोडे दिवस हवापालट करा." दोघेही एकमेकांशी कमी बोलणारे, त्यामुळे खपलं. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी माझे दीर गाडी घेऊन आले. निघताना अण्णा दारात थांबले, दाराच्या कडेवरून हात फिरवला.

"दिवाळीला न्ह्यायला कोन येनार?"

"बघू अण्णा," मी म्हणाले. "यंदा तिकडेच मोठी होईल दिवाळी."

"व्हय," एवढंच म्हणाले आणि जिना उतरले.

खुर्ची मी माळ्यावर टाकली. दार थेट भिंतीला टेकलं. घर हलकं वाटलं, मलाही झोप लागायला लागली. हेही खरं आहे आणि ते लपवणार नाही.

चार दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास मी लॅबमधून आले. लॅच उघडलं, दार ढकललं... आणि ते अर्ध्याहून थोडं पुढे जाऊन थांबलं. आदळलं नाही. टेकलं. मऊ काहीतरी असावं तसं. आत शिरून मागे पाहिलं, रिकामा कोपरा. फरशी स्वच्छ. दार ओढून पाहिलं, पुन्हा तिथेच थांबलं. संध्याकाळी सातला मिस्टर कुपवाडच्या कारखान्यातून आले तेव्हा दार सरळ भिंतीला लागलं.

"पावसानं लाकूड फुगलं असेल," ते म्हणाले.

"मग आत्ता कसं उघडलं?"

"आत्ता सुकलं असेल!"

पण दुसऱ्या दिवशी तीनला तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी स्वभावाने नोंदी ठेवणारी. दुपारी अडीच ते चार दार अडायचं, एरवी नाही. मंगळवारी मुद्दाम तीन वाजता सुतार बोलावला. त्याने बिजागऱ्या पाहिल्या, तेल सोडलं, फरशी समतल आहे का ते पाणसळ लावून पाहिलं.

"मॅडम, दाराला कायबी झालेलं न्हाई. लोन्यागत फिरतंय." मग ढकललं आणि तोही थबकला. आत डोकावला, मागे पाहिलं, पुन्हा बाहेर आला. "मागं कोन बसलंय काय वो?" म्हणून हसला, आणि खांदा लावून एक जोराचा धक्का दिला. दार धाडकन भिंतीला आपटलं. "बघा, झालं."

बुधवारी तीनला पुन्हा अडलं.

त्या दिवशी लॅबमध्ये फार दगदग झाली होती. दोन्ही हातांत पिशव्या, लॅच उघडून किल्ली दातात. दार पायाने लोटलं, ते टेकलं, आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं — "पाय घ्या, अण्णा."

दार सुटलं. आपोआप, हळूच, भिंतीपर्यंत.

मी पिशव्या तिथेच ठेवून उंबऱ्यावर बसले. भीती वाटली का? नाही वाटली. मला लाज वाटली. त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. फोन हातात घेतला, पण करायचा धीर झाला नाही. ऐंशीच्या पुढचा माणूस... नको ते ऐकावं लागलं तर?

दुसऱ्या दिवशी वसुबारस. लॅबमध्ये सुट्टी सांगितली, मिस्टरांना म्हणाले, फराळ देऊन येते, आणि विट्यामार्गे कडेगावची एसटी धरली. रस्त्याने उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे बस रखडत होती आणि मी मनात नुसतं म्हणत होते, असू देत, असू देत.

होते. घराच्या ओट्यावर, उघड्यावर, बाजेवर आडवे. जवळपास दार नाही, भिंतही चार हात लांब. उजव्या पायाला चिंधी बांधलेली. माझी जाऊ मंदा समोर बसून भाजणी चाळत होती.

"ताई! आवं, फोन तरी करायचा!"

"पायाला काय झालं अण्णांच्या?"

"काय म्हाईत बाई. मंगळवारी दुपारी असंच झोपले हुते. एकदम वरडून उठले. बघतो तर अंगठा काळानिळा. हितं तर कायबी न्हाई लागायला." मग हसत म्हणाली, "आन झोपंत रोज एक नाटक. तीन वाजलं की पाय ताठ करत्यात आन म्हनत्यात, थम, कौन आता है. शेजारची पोरंबी आता त्यास्नी चिडवत्यात."

माझ्या हातातला फराळाचा डबा मी खाली ठेवला. "काल काय म्हणाले?"

"काल तर पाय वर घिऊन चांगलं मोठ्यानं म्हनले, घेतला, घेतला!"

बोलण्याने अण्णा जागे झाले. मी काही न बोलता बाजेशी बसले, खोबरेल मागून घेतलं आणि त्यांची चिंधी सोडली. नख पार काळं पडलं होतं. हात लावताच म्हणाले, "वैशाली काय गं?"

"हो. अण्णा, कुठलं दार लागलं?"

"आपलंच की," ते म्हणाले, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. "दुसरं कुठलं?"

मंदा पीठ ठेवायला आत गेली होती. मी तेवढ्यात सगळं सांगितलं. हवापालट खोटा, मिस्टरांनी, म्हणजे सुरेशने, काही म्हटलं नव्हतं, वही, रकाना, रकान्यातलं नाव. तेल लावत लावत, मान खाली घालून. 

"जड झालो हुतो व्हय तुला?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण आधीच दोनदा खोटं बोलून झालं होतं. "झाला होता, अण्णा. दारात बसता, सारखं थांबावं लागतं."

"मग त्वांडावर सांगायचं. मी काय बंदूक घिऊन बसतोय?" मग आवाज उतरला. "दिसत न्हाई गं पोरी. कोन आलं, कोन गेलं, कळत न्हाई. दार पायाला लागलं की कळतंय. सुरेश दनका देतोय. नात आली की दोनदा ठोकती. तू आल्लाद ढकलतीस. लय दमून आलीस तर दार पायाला नुसतं टेकतंय. त्या दिवशी मी चा मागत न्हाई."

आणि मी समजत होते की ज्या दिवशी ते चहा मागत नाहीत त्या दिवशी रुसलेले असतात.

त्याच संध्याकाळच्या बसने त्यांना घेऊन आले. खुर्ची माळ्यावरून काढली, पुसली, दारामागे लावली. क्लास सोडला नाही. दोनच पदार्थ केले, एकच माळ लावली, आणि खरंच सांगते, इतकी निवांत दिवाळी त्याआधी आम्ही केली नव्हती. नरकचतुर्दशीला अण्णांना तेल-उटणं मिस्टरांनी लावलं. अंगठा बघून ते म्हणाले, "हे कुठं आपटलं?" अण्णांनी माझ्या दिशेने मान वळवली आणि म्हणाले, "गावाकडं. म्हाताऱ्याच्या पायाला काय, कायबी लागतंय." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तेव्हा नाही, पुढेही कधी नाही.

त्यानंतर अण्णांनी आमच्याबरोबर अजून दोन दिवाळ्या केल्या. झोपेतच गेले, घरातच, सगळे असताना.

मी लॅबवाली, म्हणून ताळा करून पाहिला. मंगळवारी तीन वाजता सुतार, मंगळवारी तीन वाजता अंगठा. बुधवारी माझी हाक, बुधवारी त्यांचं उत्तर. मधे कच्च्या-पक्क्या रस्त्याचं एवढं अंतर. योगायोग म्हणावा तर किती वेळा म्हणायचा? ज्यांना कळतं त्यांनी सांगावं, मला अजून कळलेलं नाही.

त्याहून न कळणारी गोष्ट ही. अण्णा जिवंत होते, दुखावलेले होते, तेव्हा कडेगावाहून रोज तीनला घरी येत होते. गेल्यावर मात्र एकदाही आले नाहीत. सुरुवातीला मी खुर्ची बाजूला ठेवून मुद्दाम दुपारी तीनला दार उघडायचे, आल्लाद, अगदी दमून आल्यासारखं... ते थेट भिंतीला जाऊन टेकायचं.