चौघींत तिसरी

एकच गोष्ट मी चार वर्षं दोन तऱ्हांनी आठवत आले. पहिली तऱ्हा आमच्या भावकीत, शाळेत, कोपरगावच्या सायकलवाल्या बायकांच्या ग्रुपवर सगळ्यांना पाठ आहे — मीच पाठ करून घेतली, मास्तरीणच ना मी! दुसरी तऱ्हा मात्र आठ दिवसांपूर्वीपर्यंत कुणाच्याच कानावर गेलेली नव्हती. नवऱ्याच्याही नाही. चोरून खाल्लेला पेढासुद्धा मी त्याला सांगते, पण हे नाही सांगितलं.

आता तुम्हाला सांगते. घाबरू नका, रडारड नाही. खरं तर मला फार बरं वाटतंय — जेवण गोड लागतंय, झोप लागतेय. बरं वाटून घ्यायचा मला हक्क आहे का? ते तुम्ही ठरवा, किंवा नका ठरवू.

माझं नाव विजया. माहेर नगरचं — जिल्हा आता अहिल्यानगर झाला, तरी माझ्या तोंडी नगरच येतं. लग्न होऊन कोपरगावजवळच्या वस्तीवर आले, तिथल्याच शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं आणि गेल्या वर्षी रिटायर झाले. घरात आम्ही दोघी जावा. थोरल्या त्या आक्का. पुणतांब्याच्या, गोदावरीच्या काठच्या. शाळा चौथीपर्यंत, पण पाण्यात त्यांच्यासारखी बाई मी पाहिली नाही. पाण्यातच कशाला, कशातच नाही. भाकरी आक्कांची, लोणचं आक्कांचं, अडलेली गाय मोकळी करावी तर आक्कांनीच. ‘आक्कांना विचार’ हे वाक्य मी या घरात पाऊल टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी ऐकलं आणि मग रोज ऐकलं. सत्तर मुलांचा वर्ग मी नुसत्या डोळ्यांनी गप्प करायचे, पण घरी आले की मी धाकटी.

आणि त्या माझ्याशी वाईट वागल्या का? तिथंच तर घोडं अडतं. कधी नाही. एकदाही नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझं पाणी त्यांनी तापवलं. वाईट वागल्या असत्या तर मला किती सोपं गेलं असतं!

पन्नाशीनंतर मला शुगर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, मी चालता चालता सायकलवर गेले, सायकलवरून त्या ग्रुपमध्ये गेले, आणि तिथं कुणीतरी ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात घातलं. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, आणि सायकल टाकून पळत सुटायचं — मध्ये विसावा नाही. पाऊण किलोमीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळणं. पन्नाशीवरच्या बायकांचा गट वेगळा. स्पर्धा आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याला. मी नाव दिलं. पोहायला येत होतं का? छे!

शिकवलं आक्कांनी. आमच्या शेततळ्यात. शेततळ्याच्या तळाला आणि उतारावर प्लास्टिकचा कागद असतो, त्यावरून पाय असा घसरतो की एकदा आत गेलेला माणूस दोराशिवाय वर येत नाही. आक्का खुंटीला दोर बांधायच्या, दोन-दोनदा ओढून बघायच्या, मगच मला उतरू द्यायच्या. पोटाखाली हात धरून मला, पंचावन्न वर्षांच्या बाईला, त्यांनी तरंगायला शिकवलं. मी नाकातोंडात पाणी जाऊन किंचाळले की म्हणायच्या, “वरडू नको, बांधावर मानसं जमतील.”

आणि आणखी एक शिकवलं. “बुडनाऱ्याला अंगाला धरू द्यायचं न्हाई. मी असले तरी न्हाई. लाथ घालायची, लांब व्हायचं, मग दोर टाकायचा.” नुसतं सांगून थांबल्या नाहीत. मागून येऊन माझ्या गळ्यात पडायच्या आणि लाथ मारायला लावायच्या. मी आपली हळूच पाय लावायचे. “जोरात घाल,” म्हणायच्या, “बुडनारं मानूस लाजत न्हाई, तू का लाजतीस?”

शेवटी मीच त्यांच्या मागे लागले — तुम्हीही नाव द्या. माहेरी त्या सायकलवरून दूध घालायच्या, पोहण्याचा प्रश्नच नव्हता. पळणं? “म्हशीमागं पळलेय की जन्मभर,” म्हणाल्या. झालं. एका जिपेत दोन सायकली, दोन जावा आणि डबाभर धपाटे.

आमच्या गटात चौघी होतो. दोघी पुण्याकडच्या, काटक, पाण्यात शिरल्या त्या दिसेनाशाच झाल्या. मी ऑनलाइन मागवलेला काळा अंगभर सूट घातला होता, आक्का म्हणाल्या, “टायरची ट्यूब दिसतीस.” त्या स्वतः निळ्या पंजाबी ड्रेसवर, वेणी डोक्याला गुंडाळून. त्या पुण्याकडच्या दोघींना त्यांनी सहज मागे टाकलं असतं. पण पाण्यात उतरताना मला म्हणाल्या, “तू हो म्होरं. मी मागं हाय.” माझ्यासाठी मागे राहिल्या. हे लक्षात ठेवा — मी ते विसरायचा फार प्रयत्न केला.

मध्ये एक मोठा नारिंगी फुगा बांधला होता, त्याला वळसा घालून परत यायचं. पाणी असं गार की दात वाजत होते. पण वळसा घातल्यावर माझा हात बसला, श्वासाला लय आली. मी मान वर काढून पाहिलं. काठ पुढे होता, आणि आक्का मागे. मी त्यांच्यापुढे! इतक्या वर्षांत मी कशात त्यांच्यापुढे होते? मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

आता यापुढचं मी जे सांगत आले ते आधी ऐका. मी सांगत आले की आक्कांच्या पायात गोळा आला, त्या घाबरल्या, त्यांनी मागून येऊन मला मिठी मारली, आम्ही दोघी खाली जायला लागलो, आणि मला त्यांचाच धडा आठवला. शाळेत प्रार्थनेनंतर पोरांनाही सांगितलं — प्रसंगावधान म्हणजे काय. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

खरं असं. माझ्या खांद्यावर एक हात आला. एक — दोन नाहीत. मिठी नाही, ओढणं नाही. वाटेनं बोलत जाताना शेजारणीनं ठेवावा तसा हात. आणि नेहमीच्याच आवाजात आक्का म्हणाल्या, “थांब गं जरा. पायात गोळा आलाय.”

एवढंच. मी काय करायचं होतं? जागच्या जागी तरंगायचं आणि हात वर करायचा. मदतीला ठेवलेले होडीवाले लांब नव्हते. माझ्या अंगात ताकद होती, श्वास होता, मला कसलाही धोका नव्हता. फार तर दोन मिनिटं गेली असती. पण ती दोन मिनिटं — आणि मग गोळा उतरला असता, आणि त्या पुन्हा पुढे गेल्या असत्या. हे सगळं मला तेव्हा सुचलं का? सुचलं. खोटं कशाला बोलू, डोकं अगदी स्वच्छ होतं. खांद्यावर कुणाचा हात आहे हेही माहीत होतं.

मी लाथ मारली. जोरात, त्यांनी शिकवली होती तशीच. टाच बरगड्यांखाली बसली. हात सुटला. मी मागे वळून पाहिलं नाही. मागे शिट्टी वाजली, होडीतल्या माणसांचा आरडाओरडा झाला. ती शिट्टी कुणासाठी होती ते कळलं नाही, असंही मी सांगत आले. कळलं होतं. मी हात मारत राहिले.

आणि पुढे सगळं केलं हो मी! सायकल चालवली, पळले, रेषेच्या पलीकडे गेले. गळ्यात तिसऱ्या क्रमांकाचं मेडल पडलं. चौघींतली एक पाण्यातून होडीत ओढून काढली, म्हणजे उरल्या तीन. त्यातली मी तिसरी. भाच्याच्या लग्नात लोक त्या मेडलबद्दल विचारायचे आणि मी गटात किती जणी होतो ते सांगायचे नाही, हाही एक छोटा खोटेपणा धरा त्यात.

पलीकडे आक्का उभ्या होत्या. अंगावर कुणाचा तरी टॉवेल, ओठ निळे, एक हात बरगडीवर. टाळ्या वाजवत होत्या. मी जवळ गेले तर माझा हात धरून म्हणाल्या, “माझंच चुकलं विजे. मीच शिकवलं अन् मीच तुला धरलं.”

तिथं मी बोलू शकले असते. तोंड उघडलंही. पण त्यातून काय निघालं? “जाऊ द्या आक्का. माणूस घाबरलं की भान राहत नाही.” मी त्यांना माफ केलं! ऐकताय ना? लाथ मारून वर माफ केलं मी त्यांना.

आणि त्यांनी माझं ऐकलं. मी शिकलेली, मास्तरीण. मी म्हणते म्हणजे त्या घाबरल्याच असणार. पाण्यात मिठी मारली असणार. मोटरीच्या पाइपाशी शेवाळ अडकलं की पदर खोचून बुडी मारणारी बाई, त्यानंतर शेततळ्यात उतरली नाही. गडी बोलवायला लागल्या. पाहुण्यांना स्वतःच हसत सांगायच्या, “पान्यात म्या लई घाबरले, विजीचा जीव घेतला असता!” सगळे हसायचे. मीही हसायचे, चहा ओतता ओतता.

आठ दिवसांपूर्वी आम्ही दोघी पडवीत मेथी निवडत होतो. दुपार होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. आक्कांनी मान खाली घालूनच विचारलं, “विजे, मी खरंच मिठी मारली हुती का गं? मला निस्ता हात ठिवल्याचं आठवतंय. तुला हाक मारल्याचं आठवतंय. आईचं बी असंच झालं हुतं शेवटी — घडलेलं एक अन् आठवनार भलतंच. ह्यांना सांगितलं न्हाई अजून. पर मला भ्या वाटतंय, माझं डोकं चाललं.”

चार वर्षं ही बाई स्वतःच्या आठवणीवर संशय घेत होती. माझ्या शब्दाखातर. पाण्याची भीती तर मी घातलीच, पण हेही? मला हे कधी सुचलंच नव्हतं, असं लिहिणार होते. सुचलं नव्हतं कारण मी तिकडे बघितलं नव्हतं.

मी सांगितलं. पाच-सहा वाक्यांत संपलं. चार वर्षं ज्याला घाबरले ते इतकं लहान निघालं. लाथेचं सांगितलं, ओळखून मारली तेही सांगितलं, कशासाठी मारली तेही.

त्यांनी लाथेचं काहीच विचारलं नाही.

“एकच हात हुता?”

“एकच.”

“अन् मी बोल्ले हुते?”

“बोलला होतात. ‘थांब गं जरा’ म्हणालात.”

त्यांनी डोळे मिटले, मोठा श्वास सोडला. “म्हंजी डोकं ठिकानावर हाय माझं,” म्हणाल्या. तोंडावर हसू आलं, खरंखुरं, पोरीसारखं. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि ते हसू गेलं. पदर झटकला, उठल्या, आत गेल्या. राहिलेली मेथी मी निवडली.

माफी मागितली का, असं विचाराल. नाही मागितली. मागितली असती तर त्यांनी लगेच देऊन टाकली असती. मी त्यांना ओळखते. मग मी पुन्हा सुटले असते आणि त्या पुन्हा मोठ्या मनाच्या ठरल्या असत्या. एवढं तरी त्यांच्याकडून घ्यायचं नाही, असं ठरवलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो उठून जनावरांना पाणी पाजायला निघून गेला. काल ग्रुपवरही सगळं लिहिलं. दोघी-तिघींनी ‘बापरे’ लिहिलं, बाकीच्या गप्प आहेत. गप्प राहू देत.

आक्का माझ्याशी कामापुरतं बोलतात. मीठ दे, गवळी आला का, एवढंच. विजे म्हणत नाहीत. परवा सकाळी मी खिडकीतून पाहिलं, खुंटीला दोर बांधून त्या शेततळ्यात उतरत होत्या. मला हाक मारली नाही आणि मीही गेले नाही. चार वर्षांनी पाण्यात, चौसष्टाव्या वर्षी, आणि एका दमात या काठावरून त्या काठाला. मी खिडकीत उभी राहून रडले, आणि मला इतकं हलकं वाटलं की पोहे करपले तरी कळलं नाही.

आक्का त्या दिवशी घाबरल्या नव्हत्या. लाथ मी मारली.