आत्याबाईंचं पोटीस

माणूस कसा बसतो यावरून त्याला गळू कुठे झालंय हे आत्याबाईंना कळायचं. अंगणात कोणी आलं आणि बाजेवर जरा तिरपं टेकलं, की त्या हातातलं सूप खाली ठेवत आणि विचारत, "मांडीत हाय का मागं?" आलेला माणूस दुसऱ्याच कामाने आलेला असायचा. बियाणं मागायला किंवा लग्नाचं सांगायला. तो ओशाळायचा, मग हसायचा आणि शेवटी कबूल करायचा. आत्याबाई तोवर जवस भरडायला आत गेलेल्या असत.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याकडे आमचं गाव. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. मी लग्न होऊन नदीच्या पलीकडून इकडे आले. शाळेत तेलुगू शिकलेली मुलं, बाजारात हिंदी आणि घरात मराठी, याची सवय व्हायला मला वेळ लागला. आत्याबाईंची सवय मात्र लगेच झाली.

त्याला कारण झालं माझ्याच काखेतलं गळू. नवी नवरी, घरात सासरा, नवरा, येणारेजाणारे. सांगणार कोणाला? मी हात अंगापासून लांब धरून भाकरी थापत होते. आत्याबाई चुलीपुढे येऊन बसल्या, परात स्वतःकडे ओढली आणि हळूच म्हणाल्या, "आत जाऊन पड. मी आलोच." बाहेर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की सुनेला ताप आहे, कोणी आवाज देऊ नका. मग दार लोटून, जवसाचं गरम पोटीस फडक्यात बांधून माझ्या काखेत धरलं. चटका बसू नये म्हणून आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहिलं. मी डोळे मिटून घेतले होते. त्या म्हणाल्या, "अंगावरचं दुखणं लाजून लाजून वाढते, वंदना. मले सांगत जाय."

गळू दोनचार दिवसांत आपोआप फुटलं. बायकांचं असलं दुखणं त्यांनी चारचौघांत कधी काढलं नाही. गावातल्या कितीतरी जणींचा ताप हा असा आत्याबाईंनी दिलेला होता.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्या कोणासाठीही मोडत नसत. शेकायचं, झाकायचं, वाट पाहायची, पण दाबायचं नाही. लोक काकुळतीला यायचे. "आत्याबाई, दाबा ना एकदाचं, सुटू द्या." त्या हात मागे घेत. "कच्च्याले हात लावान त आत जाईन. त्याचं थे बाहीर येऊ द्या." मोठमोठे बाप्ये त्यांच्यापुढे गयावया करत बसलेले मी पाहिलेत. आत्याबाई ढिम्म हलत नसत.

तो नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तो मामाजींसाठी.

मामाजी म्हणजे माझे सासरे. बोलका माणूस. स्वतःचं दुखणं सोडून सगळ्या गोष्टींवर बोलणारा. कापसाची वेचणी ऐन भरात होती. मजूर मिळत नव्हते, मिळाले तर टिकत नव्हते. मामाजींच्या पाठीवर, मानेच्या खाली, एक लालसर गाठ आली. आत्याबाईंनी शेकायला सुरुवात केली. पण हे गळू त्यांच्या ओळखीचं नव्हतं. एक तोंड यायच्या ऐवजी चाळणीसारखी बारीक बारीक तोंडं आली. पाठ दगडासारखी घट्ट झाली. आत्याबाई एकदा मला म्हणाल्याही, "हे काही सोपं दिसत नाई. दवाखान्यात नेऊ म्हणतो मी." मामाजी बाजेवरून ओरडले, "अन् कापूस कोण पाहीन? दवाखान्यात गेलं का दिवस जाते."

रात्ररात्र त्यांना झोप लागेना. पालथं पडून कण्हायचे. शेवटी एका सकाळी, मी शाळेत शिकवायला गेलेली, माझा नवरा सुधाकर शेतात, घरात हे दोघंच होते. मामाजी रडकुंडीला आले. "तू साऱ्या गावाले बरं करते. मायासाठीच तुये हात बांधले काय? दाब ना व!" आणि आत्याबाईंनी दाबलं.

संध्याकाळी मी आले तेव्हा मामाजींना हुडहुडी भरली होती. बोलताना जीभ जड होत होती. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. सुधाकरने गाडी बोलावली.

आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाठ पाहिली आणि तेलुगूत विचारलं, "एवरु नोक्कारु?" म्हणजे कोणी दाबलं. आत्याबाईंना तेलुगू येत नव्हतं. पण डॉक्टरांनी दोन अंगठे जवळ आणून दाखवले होते. कोणी सांगायच्या आत त्या पुढे झाल्या. "मी." डॉक्टर पुष्कळ बोलले. ही काळपुळी होती, साधं गळू नव्हतं. रक्तात साखर अतोनात वाढलेली होती. दाबल्यामुळे विष अंगात पसरलं होतं. आत्याबाई एकेका वाक्याला मान हलवत होत्या, जणू सगळं समजत होतं.

बाहेर आल्यावर सुधाकर त्यांना म्हणाला, "काऊन दाबलं, आई? तुलेच त सगळं समजते." त्याने आवाज चढवला नव्हता. पण त्यानंतर तो आईशी बोलेनासा झाला. डबा द्यायचा असला की माझ्या हाती द्यायचा.

मामाजी वाचतील की नाही हे बरेच दिवस कोणी सांगत नव्हतं. पाठीचा सडलेला भाग कापून काढावा लागला. आत्याबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून राहायच्या. आत जायला परवानगी असली तरी जायच्या नाहीत. मी म्हटलं, "चला, मामाजी तुम्हाला विचारतात." त्या म्हणाल्या, "इचारू दे. मायं तोंड पाहून त्यायले अजून तरास होईन."

मामाजी वाचले. घरी आले तेव्हा पाठीवर तळहाताएवढी जखम होती, आणि ती रोज धुऊन, नवी पट्टी लावायची होती. शेजारच्या गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरने येऊन सगळं दाखवलं. मी शिकून घेतलं. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून तयार झाले, तर मामाजी पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "तू राहू दे, वंदना. तिले बलाव."

आत्याबाई परसात तुराट्यांच्या गंजीमागे जाऊन बसल्या होत्या. "मले नोको सांगू. मी नाई लावत हात."

मामाजींनी ते घरातून ऐकलं. आवाजात जोर नव्हता, तरी म्हणाले, "मंग तशीच राहू द्या जखम. मी पडलो हाओ पालथा."

आत्याबाई आल्या. हात साबणाने इतके घासले की लाल झाले. मी शेजारी उभी राहून सांगत होते आणि त्या करत होत्या. जखमेकडे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. मामाजी मात्र मुद्दाम बडबडत होते. बैल कसा लंगडतो, शेजाऱ्याने बांध कसा कोरला. रोज हे असंच चालू झालं. ते बोलत, त्या पट्टी करत.

एके दिवशी पट्टी चालू असताना मामाजी बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "मले मालूम होतं."

"काय?"

"शुगर हाय थे. मांगच्या साली बाजाराच्या गावी तपासणीचं शिबिर नव्हतं का? तवाच सांगतलं होतं त्यायनं. औषधाच्या गोया बी देल्या होत्या."

आत्याबाईंचा हात थांबला. "कुठी हायेत गोया?"

"नाल्यात फेकल्या. म्हटलं, घरी समजलं त गोड बंद करान. मी सांगतलं असतं त तू थांबली असती. मले दवाखान्यात ओढत नेलं असतं. तुयी चूक नाई थे. मायी हाय."

दाराशी सुधाकर उभा होता, त्यानेही ऐकलं. आत्याबाईंनी जखमेवर जाळीचं कापड नीट बसवलं, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली, कुठे सुटली तर नाही ना म्हणून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमी लपवलं थे तुमचं. दाबलं थे मायं."

आणि भांडं उचलून बाहेर गेल्या.

सुधाकर त्यांच्यामागे परसात गेला. मला त्याचा आवाज आला, "आई, च्या मांड ना." इतक्या दिवसांनी तो आईला काही मागत होता. आत्याबाईंनी चहा केला. त्यात साखर टाकायला विसरल्या की मुद्दाम टाकली नाही, कोण जाणे. सुधाकर तो तसाच प्यायला.

जखम भरली. पण त्या जागी खड्डा राहिला आणि मामाजींचा उजवा खांदा जरा वाकला तो कायमचा. आत्याबाईंनी त्यानंतर घरात जवस आणू दिला नाही. मामाजींना जवसाची चटणी फार आवडायची. ते कुरकुर करायचे, त्या ऐकायच्या नाहीत. लोक मात्र सवयीने येतच राहिले. आत्याबाई लांबूनच पाहायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, "शुगर तपासली काय?" मग पायात चपला घालून त्या माणसाबरोबर उपकेंद्रापर्यंत चालत जायच्या. पोरंटोरं त्यांना शुगरवाली आजी म्हणू लागली. त्यांना त्याचं काही वाटत नसे. सिस्टर गळूला चिरा देत असली की त्या बाहेर तोंड करून उभ्या राहायच्या, पण दुखणाऱ्याचा हात सोडत नसत.

मामाजी सदरा काढून आंघोळीला निघाले की त्या उठून आत जायच्या. आम्ही सगळ्यांनी परोपरीने समजावलं. डॉक्टरही पुढच्या खेपेला म्हणाले होते की एवढ्या साखरेत हे गळू चिघळायचंच होतं. आत्याबाई मान हलवायच्या. ते मान हलवणं आम्हाला दवाखान्यापासून ओळखीचं होतं.

मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. आजारी अशा फारशा पडल्या नाहीत. सकाळी छातीत दुखतं म्हणाल्या, गाडी येईपर्यंत संपल्या. आपल्यासाठी कोणाला धावपळ करू द्यायची नाही, हेही त्यांनी पाळलं.

मामाजी आता फार बोलत नाहीत. आंघोळीनंतर त्यांचा खांदा वर होत नाही म्हणून सदरा मी चढवून देते. परवा सदरा घालता घालता ते म्हणाले, "ती मायावर एकडाव चिडली असती त बरं झालं असतं, वंदना. गोया फेकल्या मी, अन् भोगलं तिनं. एका शब्दानं बोलली नाई मले."

मी म्हटलं, "चिडल्या होत्या ना. माझ्याजवळ बोलल्या होत्या."

ते वळून माझ्याकडे पाहू लागले. "खरंच? काय म्हणे?"

एकदा तूर निवडता निवडता आत्याबाई मला जे म्हणाल्या होत्या, ते मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. "लबाड म्हातारा हाय. पाठीत धपाटा घालाव वाटते, पण धपाटा घालाले पाठ कुठी ठेवली मी?"

मामाजी हसले. हसता हसता खाली बसले आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. मग मला म्हणाले, "अजून एकडाव सांग."