कासारणीची बोटं

त्या वर्षी भाद्रपदात मी देवाशी बोलणंच टाकलं होतं. चिकनगुनियाची साथ आली होती आणि सेलूजवळच्या आमच्या गावात खाट रिकामी असलेलं घर सापडत नव्हतं. ताप उतरला तरी सांधे धरून बसायचे. धडधाकट माणसं भिंतीला हात लावत चालायची. कोणी वाकून येताना दिसलं की आम्ही एकमेकांना पाहून हसायचो, दुसरं करणार तरी काय? पण माझं हसू लवकरच आटलं. मला शुगर होती, रोज सकाळी इन्सुलिनची सुई लागायची आणि ती टोचायला घरात एकही धड हात उरला नव्हता.

सुईचं काम पहिल्यापासून आमच्या ह्यांचं. सुरुवातीला काचेची सिरिंज होती. हे ती स्टोव्हवर उकळून घ्यायचे. फ्रीज कुठला आमच्याकडे! औषधाची बाटली मडक्यात, ओल्या फडक्याखाली राहायची. देवपूजा झाली की सुई आणि मग बिनसाखरेचा चहा. पुढे प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्या तरी क्रम तोच राहिला. टोचून झालं की हे रोज विचारायचे, "दुखली का वं?" आणि मी रोज म्हणायची, "तुमाले काय कराचं?" निम्मा संसार आमचा ह्या दोन वाक्यांवर झाला. तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. आता सकाळी घर गप्प असतं, तेव्हा तेवढंच ऐकू यावंसं वाटतं.

साथीत आम्ही दोघंही पडलो. ह्यांची बोटं काकडीसारखी सुजली, माझी तर मिटतच नव्हती. ह्यांनी सिरिंज धरून पाहिली, ती घसरली आणि सुई वाकली. गावातला कंपाउंडर स्वतःच अंथरुणाला खिळलेला. शेजारणी आपापल्या घरात कण्हत होत्या. लेक सासरी, तिकडेही तीच गत. सेलूच्या डॉक्टरांनी मागेच बजावून ठेवलं होतं, ताप असो की जेवण न जावो, मनाने सुई बंद करायची नाही. मी मनाने कुठे केली होती? पण बंद पडली खरी. घशाला कोरड पडायची, कितीही पाणी प्यायली तरी जायची नाही. डोळ्यांपुढे अंधारी यायची. हे खाटेवरून माझ्याकडे पाहत राहायचे आणि मी पाहिलं की तोंड फिरवायचे.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. त्यांचे मुखवटे पेटीतच होते. मी पेटीकडे पाहून म्हटलं, "यंदा तुमाले बसवणं होत नाई. अन् खरं सांगू, तुमालेही माहं काई पडलेलं दिसत नाई." बोलून गेले आणि खूप रडले.

त्याच सकाळी दारात बांगडीवाली आली. सणाआधी घरोघर बांगड्या भरायची आमच्याकडे रीत आहे. पण आमची नेहमीची कासारीण आजारी होती. ही कोणी वेगळीच, केळझरकडची, गावात बहिणीकडे उतरलेली. मी आतूनच म्हटलं, "हात सुजले आहेत बाई, यंदा नको." तिने तरी टोपली ओट्यावर ठेवलीच.

"सणाचं दारावरून तसंच कसं जाऊ? पाहू तं द्या हात."

आत येऊन तिने माझा पंजा हातात घेतला आणि एकेक बोट हळूहळू दाबू लागली. इतके दिवस कोणी हाताला नुसतं टेकलं तरी जीव जात होता, आणि तिच्या हातात मला झोप यायला लागली. कोनाड्यातली सिरिंज पाहून तिने विचारलं, "ही काऊन तशीच पडून राह्यली?" मी सांगितलं. ती घाबरली. म्हणाली, "म्या कदी सुई धरली नाई हो." तेवढ्यात हे खाटेवर उठून बसले. "बाई, तुमी फक्त धरा. मी सांगतो."

मग ह्यांनी सांगायचं आणि तिने करायचं. किती रेघांपर्यंत ओढायचं, बुडबुडा कसा काढायचा, पोटाची कातडी चिमटीत कशी धरायची. मी जीव मुठीत धरून आखडले होते. ती म्हणाली, "ढिलं सोडा बाई. आवळलं का बांगडी फुटते." मी अंग सोडलं आणि सुई कधी आत गेली ते कळलंही नाही.

माझी बोटं वळायला लागेपर्यंत ती रोज सकाळी आली. सुई ती टोचायची, पण मागाहूनचा रोजचा प्रश्न खाटेवरून हेच विचारायचे. हळूहळू घशाची कोरड गेली, भूक लागली. महालक्ष्म्याही बसल्या, नुसते मुखवटे, गव्हाच्या राशीवर. पुरण जमलं नाही, आंबील-भाकरीचा नैवेद्य झाला. मी तिला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं. ती दारातच थांबली.

"मी सवाशीण नाई, बाई. मालक जाऊन लई वर्सं झाली. माह्या हातानं भरलेल्या बांगड्या चालतात, मी पाटावर बसलेली चालत नाई."

तेव्हा कुठे मी तिचे हात पाहिले. मनगटं मोकळी होती. रोज ज्या हातांकडे डोळे लावून बसायची, ते मी एकदाही नीट पाहिले नव्हते. जन्मभर पाळलेली रीत माझ्या जिभेवर आली होती, खोटं कशाला बोलू. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे एवढंच म्हणाले, "वाढ." मी पाट मांडला, तिला कुंकू लावलं आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पेटीकडे पाहून जे बोलले होते, त्याची माफी तिथेच मागितली. ती कोण होती, कशी आली, ह्याचा वाद मी कोणाशी घालत नाही. ती आली, एवढं मला पुरतं.

पुढे दरवर्षी ती यायची. मग हे गेले. त्या भाद्रपदात ती ओट्यावर आली तेव्हा मी दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हटलं, "आता मले नाई भराच्या."

तिने टोपली बाजूला सारली, पदराखालून माझा हात काढला आणि पहिल्यासारखं एकेक बोट दाबत विचारलं, "सुई घेतली का आज?"

घेतली नव्हती. ह्यांच्याशिवाय ती सकाळ मला जमत नव्हती. तिने मडक्यातून बाटली काढली, ठरल्या रेघेपर्यंत औषध ओढलं, बुडबुडा काढला. ह्यांनी शिकवलेलं सगळं तिच्या बोटांत जसंच्या तसं होतं. मी अंग ढिलं सोडलं.

टोचून झाल्यावर ती म्हणाली, "दुखली का वं?"