कुत्रा विंचरण्याची वेळ

मुलाचा गोल्डन रिट्रीव्हर ठाण्याहून रत्नागिरीला आला तो एप्रिलमध्ये, मोटारीची मागची सीट पूर्ण व्यापून. मुलाच्या घरी बाळ झाले होते. बाळासाठी मुक्कामाला आलेल्या त्याच्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या विहीणबाईंना, वरणात केस सापडला. त्या केसाचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. फोटोखाली मजकूर नव्हता. मी आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केले. मजकुराची गरजच नाही असे फोटो तिथे फार थोडे पाहिले. हा त्यांत बसला असता.

कुत्र्याबरोबर एक खोका होता. त्यात तीन ब्रश, एक लोखंडी कंगवा आणि इंग्रजी सूचनापत्रक.

"बाबा, रोज दहा मिनिटं विंचरायचं, बस्स," मुलगा म्हणाला. ज्या घरात हा कुत्रा राहू शकला नाही त्या घरातून हा सल्ला येत होता, याची मी नोंद घेतली.

कुत्र्याला एक इंग्रजी नाव आहे. पत्नी ते वापरत नाही. ती त्याला 'पाहुणे' म्हणते.

पाहुण्यांच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत. वरचा लांब, सोनेरी. आतला मऊ आणि दाट. उन्हाळा लागला की आतला थर सुटतो आणि सावरीच्या कापसासारखा उडतो. शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी कुंपणाच्या दगडी गडग्यावरून उपाय सुचवला. "मशीन फिरवा हो. सगळा गुळगुळीत करून टाका. आम्हाला इथं अंगात बनियन सहन होत नाही, आणि ह्याच्या अंगावर गोधडी!" गुरांच्या डॉक्टरांनी ते मोडून काढले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हीच गोधडी ऊनही अडवते. भादरू नका, विंचरा. शेजाऱ्यांनी हे ऐकून घेतले आणि डॉक्टरांना फक्त म्हशींचे कळते असा निष्कर्ष काढला.

मे उजाडला आणि पत्नीने आंबापोळीचा रस आटवायला घेतला. आमच्याकडे पोळी गच्चीवर सुकते. तूप लावलेल्या ताटांत रसाचा एक थर, तो वाळला की त्यावर दुसरा, असे आठ-दहा दिवस. माश्या बसू नयेत म्हणून वर मलमलीचा कपडा. तयार पोळ्या दरवर्षी ठाण्याला विहीणबाईंकडे जातात.

"पोळीत एक केस निघाला," पत्नी म्हणाली, "तर पाहुणे त्याच दिवशी परत. त्या बाईंना केस ओळखता येतो आता. जन्मभर ऐकवतील मला."

परत म्हणजे कुठे, हे आम्हा दोघांना माहीत होते. ठाण्यात त्याला जागा नव्हती. कुत्री दत्तक देणाऱ्या कुठल्याशा संस्थेचा नंबर मुलाने काढून ठेवला होता, आणि तसे त्याने फोनवर दोनदा सांगितलेही होते.

एक तांत्रिक अडचण होती. आंबापोळीचा रंग आणि पाहुण्यांचा रंग एकच आहे.

मी काम पद्धतशीर सुरू केले. पेपर वाचून झाला की सकाळी दहाला, मागीलदारी, समुद्राच्या बाजूला. आधी कंगवा, मग ब्रश. मान, पाठ, मांड्या, शेपूट. वहीत तारीख, मिनिटे आणि निघालेल्या केसांचा अंदाज. कुत्र्याला हे आवडे. तो कुशीवर पडून डोळे मिटत असे आणि ब्रश थांबला की पंजाने माझा हात ओढत असे. ते वहीत नाही.

पाचव्या दिवशी पत्नी गच्चीवरून कपडा घेऊन खाली आली.

"हे काय?"

"मलमल."

"मलमलीवर काय आहे ते विचारतेय मी."

मलमलीवर मी नुकताच विंचरलेला कुत्रा होता. मी वेळ दहाची पंधरा मिनिटे केली. परिणाम दीडपट झाला.

उलगडा मासेवाल्या मावशींनी केला. मागच्या पायरीवर पाटी उतरवून त्या थोडा वेळ माझे काम बघत बसल्या.

"काय ओ भाऊ, कुत्र्याचा कापूस गच्चीवर पाठवताय काय?"

"रोज विंचरतो. बरोबर दहाला."

"दहाला खारा वारा सुटतो! दर्यावरनं घराकडे. उजाडताना मतलई असते, जमिनीवरनं दर्याकडे. तेव्हा विंचरा. त्या वाऱ्यावर आमची माणसं होड्या नेतात, तुमचा केस जाणार नाय?" मग घरात बघून, "वहिनी, ह्यांना पेपरात ठेवलं कोणी ओ?"

पत्नी म्हणाली की हा प्रश्न तिलाही पडतो.

खारे वारे आणि मतलई वारे मी प्राथमिक शाळेत पाठ केले होते. पुढे कित्येक वर्षे पेपरात वाऱ्याचा वेग रोज छापला. दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. मी फक्त ब्रश हातात घेऊन वारा कुठून येतो ते पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी सहाला बसू लागलो. केस पश्चिमेला, गडग्यावरून पलीकडे जाऊ लागले. पलीकडे शेजाऱ्यांची कपडे वाळत घालायची दोरी आहे. बनियन हल्ली फारच टोचतात, असे ते म्हणतात. साबण बदलून झाला आहे.

मलमल स्वच्छ राहिली. पोळ्या वाळून ताटांतून सुटल्या. बांधण्याआधी एकेक उजेडात धरून तपासायचे काम माझ्याकडे आले, कारण चूक शोधणे हा माझा धंदा होता. चौथ्या पोळीत, कडेला, केस होता. तो वर नव्हता. खालच्या दोन थरांच्या मध्ये होता, म्हणजे माझ्या दहा वाजताच्या दिवसांतला. तारीखसुद्धा सांगता आली असती.

नोकरीत मी बातमी दाबली नाही. ही मी खाल्ली. कड तोडली आणि केसासकट गिळली.

पत्नी आली तेव्हा मी चावत होतो.

"ही अशी कुरतडली कोणी?"

पाहुणे टेबलाखाली होते. त्यांचे नाव घेणे सोपे होते.

"मी."

"साखर किती आली होती परवा?"

मी आकडा सांगितला. ती पोळीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग टेबलाखाली. तिने सुरी आणली आणि बाकीच्या सगळ्या पोळ्यांच्या कडा कापून त्या चौकोनी केल्या. आमच्याकडून पोळ्या दरवर्षी गोल जातात. कापलेल्या कडा पाहुण्यांना मिळाल्या.

आठवड्याने ग्रुपवर ठाण्याहून फोटो आला. रिकामी बशी. खाली मजकूर नव्हता. पत्नीने तो बोटांनी मोठा करून बशीच्या कडेपर्यंत पाहिला आणि फोन ठेवला.

"उद्यापासून चहा साडेपाचला ठेवते," ती म्हणाली. "वारा फिरायच्या आत आटपत जा."